लोखंडाचा हिवाळा

गुऱ्हाळं पेटली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे दात एकमेकांवर बसतात.

पेठ वडगावच्या बाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते, आणि एका पहाटे वारा फिरला की उकळत्या रसाचा वास सरळ खोलीत येतो. गोड, जरासा करपलेला, धुरकट. माझे यजमान त्या वासानं जागे होतात आणि "काकवी आणाय पायजे" म्हणतात. मी जागी होते ती भांडायच्या तयारीनं. कुणाशी, हे त्यांना ठाऊक आहे. ते चहाचं आधण ठेवतात.

माणसानं विसरायला शिकावं, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांपैकी कुणाचंच काही मोडलेलं नव्हतं. मी विसरले असते तर माझी पीएच.डी. झाली नसती. लोक ज्ञानाच्या ओढीनं संशोधन करतात, बढतीसाठी करतात. मी सूड म्हणून केलं. महिला कबड्डीपटूंच्या कामगिरीवर वजनांच्या व्यायामाचा काय परिणाम होतो, असा माझ्या प्रबंधाचा विषय. मुखपृष्ठावर तो सोनेरी अक्षरांत छापलाय. मला मात्र तिथं एकच गोष्ट दिसते. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, उजवा गुडघा.

आम्ही मूळच्या कबनूरच्या. आमचे वडील, अण्णा, यंत्रमागावर होते. गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची कुणाला सवयच नव्हती. आक्काचा आवाज सगळ्यांत मोठा. कबड्डीत चढाईला जाताना ती 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लागली की मैदानापलीकडच्या टपरीवरचे लोक मान वळवायचे. अंगानं ती सडसडीत होती आणि उडी अशी मारायची की पकड करायला आलेले हात तिच्या पायाखालनं रिकामेच जायचे. त्या उडीवर तिला कोल्हापूरच्या एका कॉलेजनं बोलावून घेतलं. तिथं तिला सर भेटले.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. ते पुष्कळदा छापून आलंय, आणखी एकदा माझ्या हातून नको.

सरांची पद्धत सोपी होती. पहाटे मैदानाच्या फेऱ्या, मग उकिडवं बसून चालणं, मग बेडूकउड्या, मग परत फेऱ्या. चुकलं की आणखी बेडूकउड्या. मध्ये पाणी मागितलं की त्याच्याही बेडूकउड्या. कॉलेजच्या व्यायामशाळेत बार होते, लोखंडी प्लेटा होत्या, पण तिथं पोरींना मज्जाव. वजनं उचलली की पोरी पुरुषी दिसायला लागतात, शिवाय अंग जड होतं आणि वेग जातो, असं सरांचं म्हणणं. मला आता त्याचं हसू येतं, वाईट प्रकारचं. आमच्या कोल्हापुरात पोरी पाळण्यातून उतरल्यापासून 'मी जातो, मी खातो' म्हणतात. आक्का तर घरात शिरतानाच "मी आलो" असं ओरडायची. जिभेवरचा पुरुष सरांना चालत होता. मांडीतला चालत नव्हता.

तोही हिवाळाच होता. गावोगावी स्पर्धा, दर आठवड्याला नवं मैदान. फेऱ्यांनी आणि बेडूकउड्यांनी पोरी आधीच पिळून निघालेल्या. एका सकाळी सराव करताना आक्का उडी मारून उजव्या पायावर उतरली, गुडघा आतल्या बाजूला पडला, आणि आवाज आला. ऊस गुडघ्यावर मोडताना येतो ना, तसा. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या दिवशी ती लंगडत मैदानावर गेली, तर सरांनी सगळ्या पोरींना गोळा केलं आणि तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "फायनल जवळ आली की हिचं नाटक सुरू होतं. बघून ठेवा, खेळाडूनं कसं असू नये ते."

आक्कानं फायनल खेळली. मी तेव्हा शाळेत होते, अण्णांबरोबर बघायला गेले होते. तिनं गुडघ्यावर पट्टी इतकी आवळून बांधली होती की खालचा पाय निळसर दिसत होता. पहिल्या चढाईत ती गुण घेऊन आली. दुसऱ्या चढाईत तिनं अंग वळवलं, पण पाय वळलाच नाही. ती तिथंच बसली. बाकीच्या पोरींनी सामना जिंकला. शिट्टी झाली तसं पोरींनी सरांना खांद्यावर घेतलं आणि मैदानभर नाचवलं. आक्का रेषेबाहेर मातीत बसून दोन्ही हातांनी गुडघा धरून ते बघत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "सुमे, माझी चप्पल बघ जरा कुठं हाय."

त्यानंतर सर आमच्या घरी कधी आले नाहीत. ऑपरेशनला घरात पैसे नव्हते. मांडी वाळत गेली. जिना चढताना ती उजवा पाय आधी टाकेनाशी झाली. पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला लागली. उभ्यानं काम. संध्याकाळी घरी आली की पाटावर बसून गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावायची. तिला मी एकदा विचारलं, "आक्का, तुला सरांचा राग येत न्हाय?" ती म्हणाली, "येतो की. पर राग धरून उभं ऱ्हायाला पाय लागतोय."

म्हणून तिचा राग मी घेतला. माझे पाय धड होते.

मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. ग्रंथालयात एका दुपारी परीक्षेसाठी गुडघ्यावरचं प्रकरण वाचत होते. मुलींच्या बाबतीत उडीवरून उतरताना गुडघा आत पडण्याचा धोका जास्त असतो. त्याला जागेवर धरतात ते मांडीचे मागचे स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू. ते दुबळे असले, नाहीतर दमलेले असले, की सगळा भार आतल्या एका दोरीवर येतो आणि ती तुटते. आणि ते स्नायू वजनं उचलून घडवता येतात, उतरायचं कसं हे शिकवता येतं. साध्या भाषेत, चित्रासकट लिहिलं होतं. चित्रातली पोरगी हुबेहूब आक्कासारखी उतरत होती.

तोवर मला वाटायचं, आक्काचं नशीब फुटकं. त्या दुपारी कळलं की हे टाळता येण्यासारखं होतं, आणि ज्या खोलीत ते टाळता आलं असतं तिला कुलूप होतं. मी पुस्तक मिटलं. आतून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं राग नुसता घुमत होता. आता त्याला जायला जागा मिळाली.

वडगावच्या कॉलेजात मी शिकवायला लागले आणि लगेच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम शिस्तीच्या होत्या. त्यांनी आराखडा आखून दिला. एका संघाच्या पोरींना हंगामभर वजनांचा व्यायाम द्यायचा, दुसऱ्या संघाला काहीच द्यायचं नाही. तो आपल्या नेहमीच्या पद्धतीनंच सराव करील. हंगामाच्या आधी आणि नंतर दोघांचीही उडी, धाव, वळण्याचा वेग, दम, सगळं मोजायचं. पहिला संघ माझ्या कॉलेजचा. दुसरा कुठला घ्यायचा, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी सरांचं नाव घेतलं. माझा आवाज इतका साधा आला की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

परवानगी मागायला मी सरांच्या मैदानावर गेले. केस पिकले होते, बाकी शिट्टीपासून सगळं तेच. मी माझं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कबनूरची व्हय?" ते म्हणाले. "तिकडची एक पोरगी हुती माझ्याकडं. उडी बरी मारायची. मधीच सोडून गेली."

सोडून गेली. मी मान हलवली.

"लाव की तुझ्या पोरींना लोखंड," सर हसत म्हणाले. "माझ्या पोरी मातीत पळतील. हंगाम संपला की दोन्ही संघ खेळवू. मग तुझ्या पुस्तकात काय लिहायचं ते लिही."

त्या हिवाळ्याचा वास मला अजून येतो. क्रीडा विभागाची अडगळीची खोली आम्ही झाडून काढली. गंजलेला बार घासून घेतला. पहाटे लोखंड इतकं गार असायचं की हाताला चावायचं. पोरींच्या तळव्यांवर गंजाचे तांबूस पट्टे उमटायचे आणि बाहेरून रसाचा गोड वास आत यायचा. पहिल्या आठवड्यातच एका पोरीची आई भांडायला आली. पोरगी पैलवान झाली तर लग्नाचं काय, म्हणाली. मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही वैरणीचा भारा डोक्यावर घेता तेव्हा काय होतं?" ती म्हणाली, "काय हुणार? मान दुखती." मी तिला बार दाखवला. तिनं पदर खोचला, वाकून तो उचलला, जरा वर-खाली केला आणि खाली ठेवला. "एवढंच व्हय?" म्हणाली आणि पोरीला ठेवून गेली.

माझ्या पोरींना मी बैठक शिकवली, खाली ठेवलेलं वजन पाठ न वाकवता कसं उचलायचं ते शिकवलं, आणि सगळ्यांत जास्त वेळ उडीवरून उतरायला शिकवलं. आवाज न करता, मांजरीसारखं, गुडघे पावलांच्या सरळ रेषेत ठेवून. एकेकीच्या मांडीला आकार यायला लागला तसा माझा आनंद वाढत गेला. तो निर्मळ आनंद नव्हता. प्रत्येक प्लेट बारवर चढवताना मी मनात म्हणायची, हे घ्या सर.

आठवड्यातून एकदा मला सरांच्या मैदानावर जावं लागायचं. फक्त बघायचं, टिपायचं, बोलायचं नाही. मॅडमनी बजावलं होतं, "दुसऱ्या गटाला एक शब्द जरी सल्ला दिलास तरी अभ्यास मोडला." तिथं पूनम नावाची एक चढाईपटू होती. शेतकऱ्याची पोर, हसरी, अंगानं सडसडीत, उडी उंच. आणि उतरताना तिचा उजवा गुडघा आत पडायचा. दरवेळी. दमली की जास्तच.

मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि थंडगार झाले. त्यानंतर जे मनात आलं तेही सांगते. मला वाटलं, मोडू दे. फायनलमध्ये, सगळ्यांच्या समोर, आमदार-बिमदार बसलेले असताना मोडू दे. मग मी उठून उभी राहीन आणि सांगीन की हे कुणी केलं. माझा प्रबंध त्या एका आवाजात पूर्ण झाला असता. नियम माझ्या बाजूनं होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

आक्का त्या दिवसांत माझ्याकडं राहायला आली होती. एका रविवारी, मी काय करते ते बघायचं म्हणून ती माझ्याबरोबर सरांच्या मैदानावर आली. सरांना लांबून पाहिलं, कट्ट्यावर टेकली. पोरींच्या बेडूकउड्या झाल्या, फेऱ्या झाल्या, मग चढाया सुरू झाल्या. पूनमनं उडी मारली आणि उतरली. आक्कानं माझं मनगट धरलं.

"ही पोरगी जानार," ती म्हणाली.

"माहीत हाय मला."

"मग सांगितलं न्हाईस तिला?"

"नियम हाय आक्का. मला बोलता येत न्हाय. हंगाम संपला की सांगतो."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला माझ्या तोंडावर बहुतेक सगळं दिसलं. ती ओरडली नाही. हळू बोलली, आणि आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

"सुमे, माझ्या नावानं कुनाचा गुडघा मोडून घेऊ नगंस."

मग ती उठली आणि लंगडत सरळ मैदानात गेली. चढाई चालू असताना मधोमध. सरांनी शिट्टी वाजवली. "ओ पावणं, कुठं चाललाय? खेळ चालू हाय."

आक्का पूनमजवळ गेली, तिच्यासमोर उभी राहिली, आणि साडी गुडघ्याच्या वरपर्यंत उचलून धरली. उजवी मांडी डावीच्या निम्मीसुद्धा नव्हती. "बघ," ती म्हणाली. "मी बी तुझ्यागतच उडायचो. अन् तुझ्यागतच उतरायचो." मग माझ्याकडं हात केला. "ती माझी भन हाय. उद्यापासनं तिच्याकडं जा."

सर जवळ आले. "बाई, तुमी कोन?"

"मी शोभा."

"कोन शोभा?"

आक्कानं साडी सोडली, ठीक केली आणि परत आली. येताना तिचा पाय जास्तच ओढत होता. मला त्या क्षणी सरांच्या तोंडावर एक प्लेट मारावीशी वाटली. मी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमकडं गेले आणि अभ्यास मोडल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यात दुसरा संघ बघ. आणि हा का मोडला, ते प्रबंधात खरं लिही." माझं एक वर्ष गेलं.

पूनम आली. तिच्या पाठोपाठ सरांच्या संघातल्या आणखी दोघी आल्या, मग आणखी. सकाळी त्या सरांच्या फेऱ्या मारायच्या आणि दुपारी एसटीनं वडगावला येऊन माझ्या खोलीत बार उचलायच्या. सरांनी माझ्या प्राचार्यांकडं तक्रार केली की ही बाई माझे खेळाडू फोडते. प्राचार्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, "मी खेळाडू फोडत नाही, जोडते." ते हसले आणि प्रकरण तिथंच राहिलं.

हंगाम संपताना सर म्हणाले होते तसा सामना झाला. लोक जमले. पहिल्या डावात माझ्या पोरींनी सरांच्या पोरींना पार लोळवलं. पकड अशी की सुटायचं नाव नाही. मी आक्काचा हात घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या डावात माझ्या पोरींची छाती भात्यासारखी हलायला लागली. सरांच्या पोरींना फेऱ्यांची सवय होती, त्या तशाच ताज्या. आघाडी वितळत गेली. शेवटच्या चढाईला समोरून पूनम आली. माझ्या पोरींनी तिला घेरलं, ती हवेत उडाली, आणि त्या क्षणी मी फक्त तिच्या गुडघ्यांकडं बघत होते. ती दोन्ही पायांवर उतरली. मांजरीसारखी. गुडघे जागच्या जागी. तिथून तिनं अंग झोकलं आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली.

सर जिंकले. मी शिकवलेल्या पायांवर जिंकले.

"लोखंड खाऊन दम येत न्हाय," ते मला येऊन म्हणाले. माझ्या आधी पूनम त्यांच्यामागून म्हणाली, "सर, शेवटची चढाई दमाची नव्हती. पायाची हुती." सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसऱ्या कॉलेजचा संघ घेऊन अभ्यास पुरा केला. वजनं उचलणाऱ्या पोरी जास्त उंच उडाल्या, जास्त वेगानं वळल्या, आणि उतरताना त्यांचे गुडघे सरळ राहिले. नुसत्या पळणाऱ्या पोरींचा दम मात्र जास्त होता. ते वाक्यही प्रबंधात आहे. माझ्या हातचं सगळ्यांत कडू वाक्य. मी दात खाऊन लिहिलं, कारण ते खरं होतं, आणि खोट्यावर उभा केलेला सूड सरांनी एका फुंकरीत उडवला असता. तेव्हापासून माझ्या पोरीही फेऱ्या मारतात. बेडूकउड्या मारत नाहीत.

सरांनी मग काय केलं असेल? बार विकत घेतले. वर्षा-दोन वर्षांत ते भाषणांतून सांगायला लागले की मुलींना वजनं द्या, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय. एका कार्यक्रमात मी समोरच्या रांगेत बसले असताना त्यांनी हे सांगितलं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईनं माझ्याकडं वळून पाहिलं, तर तिला म्हटलं, "खोटं बोलतोय."

राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, मुरला. लोणच्यासारखा. मी रोज पोरींना उतरायला शिकवत राहिले. त्यांतल्या काही पोलिसात गेल्या, काही शिक्षिका झाल्या, काहींची लग्नं झाली आणि त्यांच्या मुली आता माझ्याकडं येतात. आक्काचंही लग्न झालं, वडगावातच, दूध संकलन केंद्रात काम करणाऱ्या एका शांत माणसाशी. तिनंही माझ्याकडं बार धरला. चाळिशीत. मांडी थोडी भरली. जिना आता ती दोन्ही पायांनी चढते, सावकाश.

यंदा गुऱ्हाळं पेटल्यावर एका दुपारी मी आक्काकडं बसले होते. दारात रिक्षा थांबली आणि सर उतरले. किती म्हातारे झाले होते. आक्कानं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की त्यांची नात पुण्याला व्हॉलीबॉल खेळते. खांदा दुखत असताना तिच्या प्रशिक्षकानं तिला जबरदस्तीनं खेळवलं, खांदा निकामी झाला. सर भांडायला गेले. तो प्रशिक्षक म्हणाला, "सर, मला ओळखलं न्हाय का? मी तुमच्याच हाताखाली शिकलोय. तुमीच असं खेळवायला शिकवलं."

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या रात्री मला तुमी आठवला, शोभाताई. नाव आठवत नव्हतं. जुन्या पोरींना विचारून काढलं. माफी मागाय आलोय."

मला वाटलं, मी काहीतरी भयंकर बोलणार. पण हे मागणं माझ्याकडं नव्हतं. मी आक्काकडं पाहिलं.

आक्कानं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "हितं नको, सर," ती म्हणाली. "हितं कोन ऐकनार? मला तुमी समद्या पोरींच्या म्होरं नाटकी म्हनला हुता. आता पोरींच्या म्होरंच सांगा. रविवारी सुमीच्या मैदानावर या."

"पोरींच्या समोर?"

"व्हय."

"शोभाताई, माझं वय..."

"चहा घ्या. गार हुतोय."

सर येतील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर न येवोत असंच वाटत होतं. आले नाहीत तर त्यांचा राग करायला मला आणखी एक कारण मिळालं असतं. पण रविवारी सकाळी ते आले. धुकं होतं, मातीवर दव होतं. सराव संपवून पोरी गोल करून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, हे सर आहेत, यांना काहीतरी सांगायचंय. आक्का शेजारी कट्ट्यावर बसली.

सर उभे राहिले. "त्या काळी आमच्याकडं शास्त्र नव्हतं," त्यांनी सुरुवात केली. "साधनं नव्हती, परिस्थिती..."

"शास्त्राचं ऱ्हाऊ दे, सर," आक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमी काय केलं ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं. गुडघा सुजला होता, तो दिसत होता, तरी नाटक म्हणालो. पट्टी बांधून खेळवलं. ती पडली तेव्हा तिच्याकडं गेलो नाही. घरी विचारायला गेलो नाही. नाव विसरलो. एकेक वाक्य, मध्ये मोठा श्वास घेत. मी त्यांचा प्रत्येक शब्द गिळत होते. इतक्या वर्षांची भूक होती, आणि मला अजिबात दया आली नाही.

सांगून झालं. आमच्या संघाची ऋतुजा, जिला मनातलं पोटात ठेवता येत नाही, तिनं हात वर केला.

"मंग सर, तुमाला काय झालं?"

"म्हंजे?"

"म्हंजे, आक्कांचा पाय गेला. तुमाला काय शिक्षा झाली?"

सरांनी आक्काकडं पाहिलं. ती काही त्यांच्या मदतीला आली नाही. लांब रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"मला," ते म्हणाले, "त्या वर्षी उत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला."

सगळ्या पोरी त्यांच्याकडं बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली. मी घातली नाही.